हडकुळं, काटकुळं आणि स्क्रॅगी

इंग्रजी-मराठी कोशाचं काम करणाऱ्याला नामं फारशी छळत नाहीत. 'लॅडर' म्हणजे शिडी, 'अँव्हिल' म्हणजे ऐरण. वस्तू डोळ्यांसमोर आली की विषय मिटतो. क्रियापदं थोडी अडवतात. खरी दमछाक होते ती विशेषणांपाशी, त्यातही माणसाच्या अंगकाठीविषयीच्या विशेषणांपाशी. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पुढे विद्यार्थ्यांसाठीच्या एका कोशाच्या संपादनात पडलो. या सगळ्या काळात 'स्क्रॅगी' हे एक लहानसं विशेषण माझ्या मागे लागलं ते लागलंच. परीक्षेत ते येत नाही, भाषणात कुणी वापरत नाही. तरी मराठीत आपण माणसाकडे कसं बघतो, हे मला त्याच शब्दामुळे नीट कळलं.

सुरुवात एका निबंधापासून झाली. बारावीच्या वर्गाला मी आवडत्या व्यक्तीवर लिहायला सांगितलं होतं. एका मुलाने आईवर लिहिलं. घर ऊसतोडीचं. दिवाळी झाली की आई-बाप मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या भागात जायचे आणि उन्हाळा लागल्यावर परत यायचे. मुलगा गावी आजीजवळ राहून शिकत होता. अक्षर मोत्यासारखं. पहिलंच वाक्य असं, की 'माय मदर इज अ स्क्रॅगी वुमन'.

त्याला बोलावून घेतलं. हा शब्द कुठून काढलास, असं विचारल्यावर त्याने दप्तरातून खिशात मावेल एवढा कोश काढला. पाठीला दोरा घालून शिवलेला, पानं कडेने काळी पडलेली. त्यात बोट ठेवून दाखवलं : स्क्रॅगी – हडकुळा, रोड, बारीक. मग म्हणाला, "सर, बारीकला थिन म्हणतात ते ठाऊक होतं. पण आई नुसती बारीक नाही. हाडं दिसतात तिची. म्हणून हे घेतलं."

या पोराने शब्द शोधताना केवढी काळजी घेतली होती! थिन त्याला पुरेना. आईचे खांदे, मनगटं, गळ्याखालची हाडं त्याच्या डोळ्यांपुढे होती आणि ती दाखवणारा शब्द त्याला हवा होता. कोशाने तो दिला, पण त्या शब्दाला इंग्रजीत काय वास येतो ते मात्र सांगितलं नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला ते वाक्य आईची हेटाळणी वाटली असती. 'स्क्रॅगी' म्हणणाऱ्याला समोरचं रूप आवडलेलं नसतं. त्यात दया नसते, जवळीक तर नसतेच.

आम्ही दोघांनी मिळून वाक्य बसवायला घेतलं. 'स्लिम' म्हणजे कौतुक, ते बाद. 'स्किनी' मित्रामित्रांतला, सैल. 'गॉन्ट' जवळ येत होता. उपासमारीने, आजाराने, काळजीने चेहरा ओढला जातो तेव्हा तो वापरतात. पण मुलाला तोही परका वाटला. शेवटी वाक्य झालं ते असं : माय मदर इज थिन. कटिंग केन हॅज वोर्न हर डाउन. ऊस तोडून तोडून ती झिजलीय. हे त्याला पटलं. वही मिटता मिटता त्याने विचारलं, "मग स्क्रॅगी कुणाला म्हणायचं, सर?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुढे बरीच वर्षं गोळा करत राहिलो.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून दिसतो, आणि आरंभीचा त्याचा अर्थ अंगकाठीचा नव्हता. खडबडीत, उंचसखल, कडेने फाटल्यासारखी दिसणारी जमीन किंवा खडक, असा होता. माणसाच्या रोडपणासाठी तो सतराव्या शतकात रुळला. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत, रोडही आणि खडबडीतही. दोन्ही ध्यानात घेतले की शब्दाचा पोत हाताला लागतो. 'स्क्रॅगी' नुसतं मांस कमी असल्याचं सांगत नाही. रेषा सरळ नसते, कुठे हाड वर येतं, कुठे खळगा पडतो, कातडी लोंबते, पिसं झडलेली असतात. बारीकपणा अधिक ओबडधोबडपणा, असं ते जोडकाम आहे. म्हणून एखादी नर्तकी कितीही बारीक असली तरी तिला इंग्रज 'स्क्रॅगी' म्हणणार नाही. तिच्या अंगाची रेषा अखंड असते.

'स्क्रॅग' हे नामही आहे. रोडका माणूस किंवा जनावर हा त्याचा एक अर्थ, मानेकडचं मटण हा दुसरा. अठराव्या शतकात चोरांच्या भाषेत 'स्क्रॅग' म्हणजे फाशी देणं असाही अर्थ होता. सगळी ओढ मानेकडे. इंग्रजीत 'स्क्रॅगी'च्या पुढे 'नेक' इतक्यांदा का येतं, ते यातून उलगडतं.

यातला मटणाचा अर्थ मला ग्रंथालयापेक्षा खाटकाच्या दुकानात चांगला कळला. रविवारी ज्यांच्याकडून मटण घेत असे त्या मामांना मी मुद्दाम मानेचं मागितलं. ते म्हणाले, "सर, मान कशाला? चाप घ्या, मांडी घ्या. मानेत हाडूक फार." तरी त्यांनी ओंडक्यावर मान ठेवून दाखवली. सत्तुराचा घाव बसला की मणके सुटे होतात, पण मांस सुटं होत नाही. मणक्याच्या प्रत्येक खाचेत ते चिवट धाग्यांनी अडकून राहतं. सुरीने कितीही खरवडा, कडा चिंध्या झाल्यासारख्या दिसतात. "रश्शाला मात्र याच्यासारखं नाही," ते म्हणाले, "पण तास-दीड तास शिजू द्या." इंग्लंडातही गरिबांच्या चुलीवर हाच स्वस्त तुकडा भाज्यांबरोबर तासन् तास शिजायचा, आणि त्याचं तिकडचं नाव 'स्क्रॅग एंड'. त्या ओंडक्यावर जे पाहिलं ते शब्दात पकडायचं तर 'हडकुळा' अर्ध्यावर थांबतो. हाड त्यात आलं. चिंध्या झालेली कड राहून गेली.

मग मी मराठीकडे वळलो, आणि तिथे वेगळंच घबाड हाती लागलं.

आपल्याकडे बारीक माणसासाठी शब्दांची अजिबात वानवा नाही. सडपातळ, शेलाटा, शिडशिडीत हे कौतुकाचे. पहिला लग्नाच्या जाहिरातीत हमखास सापडतो, शिडशिडीत म्हटलं की उंची आणि चपळाई दोन्ही येतात. काटकुळा जरा मायेचा. 'काटक' त्याच्या शेजारीच बसलेला असल्यामुळे असेल, पण काटकुळ्या पोराची कुणाला फार चिंता वाटत नाही. किरकोळ अंगाचा म्हणजे मुळातच लहान चणीचा. लुकडा चिडवायचा, मरतुकडा हिणवायचा. 'पाप्याचं पितर' तर सरळ वर्मी लागणारं. खप्पड फक्त चेहऱ्याला, गालफडं बसलेली असली तर. आणि हडकुळा कुठेही चालतो, माणसाला, कुत्र्याला, बैलाला. त्यात थोडी तुच्छता असते आणि थोडी कीवही. बोलणाऱ्याच्या आवाजावर ते ठरतं.

ही यादी कोणीही करील. मला गुंतवून ठेवलं ते यादीबाहेरच्या शब्दांनी. विशेषणं बाजूला ठेवून लोक प्रत्यक्ष काय बोलतात ते मी टिपायला लागलो, आणि दिसलं असं, की जवळच्या माणसाच्या बारीकपणाबद्दल मराठी माणूस विशेषण वापरतच नाही. तो क्रियापद वापरतो. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला साताऱ्या-कोल्हापूरकडे म्हणतात, "लई वाळलास की!" कोकणात म्हणतात, "सुकलास रे." पुण्याकडची मावशी म्हणते, "रोडावलास." वऱ्हाडात 'वाळला'चा 'वायला' होतो, एवढाच फरक. आजाऱ्याला पाहून आलेला सांगतो, "खंगलेत हो." बाळंतिणीबद्दल, "अंगाने उतरलीय." कष्टाने, "झिजली बिचारी." या प्रत्येक शब्दात आधीचा माणूस दडलेला आहे. वाळलास म्हणजे पूर्वी ओला होतास, भरलेला होतास. मी तुला तसा पाहिला आहे. आणि या शब्दाच्या पाठोपाठ प्रश्न येतोच : जेवत नाहीस का? कसली काळजी लागलीय? तिकडचं पाणी मानवत नाही का?

'स्क्रॅगी'ला आदला दिवस नाही. तो समोरची कोंबडी, समोरची मान, समोरचं झाड पाहतो, नापसंती नोंदवतो आणि पुढे जातो. का, हे तो विचारत नाही. ऊसतोडणीच्या त्या मुलाला हवं होतं ते कारण सांगणारं क्रियापद, आणि कोशाने त्याला कारण न विचारणारं विशेषण दिलं होतं. हे मला कळलं तेव्हा तो मुलगा गाव सोडून गेलेला होता.

इंग्रजीत चौकशी करणारे शब्द नाहीत असं मला मुळीच म्हणायचं नाही. 'वेस्टेड' आहे, 'इमेशिएटेड' आहे, 'वोर्न' आहे; तिघेही क्रियापदांतून आलेले, तिघांनाही भूतकाळ आहे. आणि मराठीतही पाहून पुढे जाणारा 'मरतुकडा' आहेच. प्रश्न भाषेच्या मोठेपणाचा नाही. कुठला शब्द चौकशी करतो आणि कुठला करत नाही, हे विद्यार्थ्याच्या हाती दिलं पाहिजे, इतकंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

कोशाच्या बैठकीत हे म्हणणं मांडायला गेलो तेव्हा पहिला अडथळा आला जागेचा. प्रकाशकांचा दंडक असा, की एका विशेषणाला एक ओळ, तीन प्रतिशब्द, मध्ये स्वल्पविराम. पानांची संख्या ठरलेली, किंमत ठरलेली. विद्यार्थ्याला परवडायला हवा हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दोरा घालून शिवलेला तो कोश मी पाहिलेला होता. पण अशा स्वल्पविरामांनी काय होतं तेही पाहिलेलं होतं. प्रतिशब्द शेजारी शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला ते एकमेकांच्या जागी चालतील असं वाटतं.

आमच्यात एक ज्येष्ठ बाई होत्या. जुने कोश त्यांना तोंडपाठ असल्यासारखे होते. त्या बैठकीला येताना कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश आणि मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती घेऊन यायच्या. मोल्सवर्थने सुरू केलेलं इंग्रजी-मराठीचं काम थॉमस कँडीने पुरं केलं. त्या काळात शास्त्री-पंडितांना हाताशी धरून या लोकांनी बोलीतले शब्द किती आदराने उचलले, हे त्या पान उघडून दाखवायच्या. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत निघालेला, त्यांच्या घरी कपाटाच्या मधल्या फळीवर होता, हात पोचेल असा. त्यांचं म्हणणं साधं होतं : "शब्द कुणाच्या तोंडचा आहे ते लिहा. बाकीचं मुलं समजून घेतील."

तोडगा त्यांनीच काढला. प्रतिशब्द तीनाऐवजी दोन करायचे. वाचलेल्या जागेत 'निं.' अशी खूण, म्हणजे निंदेने म्हटलेलं, आणि तो शब्द कशाकशाला लावतात त्याची दोन-तीन नामं. 'निंदाव्यंजक' हा पूर्ण शब्द घालावा असा आग्रह एका प्राध्यापकांनी धरला होता. बाई म्हणाल्या, एवढ्या जागेत एक उदाहरण बसतं. उदाहरण बसलं.

त्यानंतर आमच्या नोंदींच्या चिठ्ठ्यांचं रूप पालटलं. स्क्रॅगीच्या चिठ्ठीवर मान, कोंबडी, घोडं, झाड अशी नामं चढली आणि प्रत्येकापुढे वेगळं मराठी येऊ लागलं. मानेला : वाळकी, शिरा ताणलेली. कोंबडीला : पिसं झडलेली, हाडं दिसणारी. झाडाला : खुरटं, वेडंवाकडं. जमिनीला, जुन्या अर्थाने : खडकाळ, खडबडीत. एकच प्रतिशब्द सगळीकडे फिरवायचा हट्ट सोडला आणि काम एकदम मोकळं झालं.

जनावरांसाठीचे शब्द गोळा करायला मी आठवडी बाजारात जात असे. दलालांची भाषा फार काटेकोर असते, कारण तिथे विशेषणाला पैसे पडतात. विकणारा कधीही बैलाला हडकुळा म्हणणार नाही. तो म्हणतो, "उन्हाळ्याने उतरलाय, पावसाळ्यात भरंल." घेणारा म्हणतो, "बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालाय, खाल्लेलं अंगी लागत नाही याला." बैल तोच. एकाने कारण सांगून आशा ठेवली, दुसऱ्याने कारण बैलाच्याच अंगात घातलं. एकदा एक म्हातारे शेतकरी दलालावर खवळले होते. त्याने त्यांच्या गाईला मरतुकडी म्हटलं होतं. "चारा नव्हता म्हणून वाळली ती," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "मरतुकडी न्हाई." भाव किती पडला मला आठवत नाही. त्यांचा हात गाईच्या पाठीवर, कण्याच्या उंचवट्यावर होता आणि बोलताना तो तिथून हलला नाही.

अनुवादाच्या कार्यशाळेत हाच मुद्दा उलट्या अंगाने आला. एका तरुण अनुवादिकेने इंग्रजी कथेतल्या खाष्ट घरमालकिणीच्या 'स्क्रॅगी नेक'चं 'काटकुळी मान' केलं होतं. वाचताना घरमालकीण एकदम गरीब, बापुडी वाटायला लागली. अर्थाने चूक काही नव्हतं, पण कथेत तिच्याकडे एक भाडेकरू मुलगा बघतोय आणि त्याला ती आवडत नाही. आम्ही बराच वेळ वाक्य घोळवलं. 'हडकुळी मान' म्हणून पाहिलं. 'नरडं' आणून पाहिलं, पण त्याने मुलगाच उर्मट झाला. अखेर तिनेच लिहिलं : ती बोलायला लागली की वाळक्या मानेवरच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताठ व्हायच्या. विशेषण जवळजवळ विरघळून गेलं आणि मुलाची नजर मात्र शाबूत राहिली. अनुवादात पुष्कळदा हाच मार्ग बरा पडतो. विशेषणाला प्रतिशब्द न शोधता, ते म्हणणाऱ्याला जे दिसलं ते मांडायचं.

एक काम असं आलं, जिथे नजर पूर्ण काढून टाकायची होती. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासाठी कुपोषणावरची एक पुस्तिका मराठीत आणायची होती. इंग्रजीत तिथे दोन शब्द वेगळे ठेवतात : 'स्टंटिंग' म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी, 'वेस्टिंग' म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी. पहिल्याला 'खुजेपणा' आणि दुसऱ्याला 'लुकडेपणा' असे शब्द मसुद्यात होते. मसुदा वाचायला मेळघाटाकडे काम केलेल्या एक सेविका आल्या होत्या. लुकडेपणावर त्या अडल्या. "नोंदवहीत चालंल," त्या म्हणाल्या, "पण आईला मी हे कसं सांगू? लुकडं म्हटलं की ती पोराला घेऊन निघून जाते. पुढल्या वेळी वजनाला आणतच नाही."

मग त्यांनी पिशवीतून दंड मोजायची पट्टी काढली. कागदासारखी पातळ, तीन रंगांची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळतात. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर लाल : मूल तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ मध्ये पिवळा. त्याच्या वर हिरवा. सेविकाबाईंनी माझ्या अंगठ्याभोवती गुंडाळून पट्टी कशी सरकते ते दाखवलं. ओढायची नाही, सैलही सोडायची नाही, कातडीला नुसती टेकली पाहिजे. "आईला मी रंग दाखवते," त्या म्हणाल्या, "आणि म्हणते, बाळ जरा उतरलंय, आपण भरून काढू."

तांत्रिक संज्ञा नोंदवहीसाठी राहिली. गृहभेटीच्या प्रकरणात सेविकेचं वाक्य जसंच्या तसं गेलं. पट्टीतला आकडा कुणाला हिणवत नाही, आणि 'उतरलंय'मध्ये भरून येण्याची वाट ठेवलेली असते. पोटच्या पोराला पाहुण्याने ठेवलेलं नाव आई विसरत नाही. सेविकेचा धडा मी त्या पुस्तिकेपुरता ठेवला नाही. कोशातल्या शरीराविषयीच्या सगळ्या नोंदी, जाड, बुटका, तिरळा, पांगळा, 'निं.'च्या खुणेसाठी पुन्हा तपासायला घ्यायला लावल्या. काम वाढलं, वेळापत्रक कोलमडलं, प्रकाशकांची नाराजी ओढवली. ते काम करायलाच हवं होतं असं मला आजही वाटतं.

वर्गात मी पुढे 'स्क्रॅगी'बरोबर त्याची भावंडंही शिकवू लागलो. 'स्क्रॉनी' हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळलेला. अर्थ जवळपास तोच, आणि आज जास्त ऐकू येणारा. 'लँकी'त उंची आणि लांब हातपाय. 'लीन' चांगल्या अर्थाने, चरबी नसलेला, धावपटूसारखा. मुलांना याद्या पाठ करायला मी सांगत नसे. प्रत्येक शब्द घेऊन तो आपल्या आजीला लावून बघा, असं सांगत असे. ज्या शब्दाला जीभ अडखळते तो कुणाच्या तोंडी घालायचा ते त्यांचं त्यांना बरोबर समजायचं.

सध्या नव्या आवृत्तीचं काम चालू आहे आणि टेबलावर 'स्क्रॅगली'ची चिठ्ठी आहे. आजची मुलं अमेरिकन लेखन जास्त वाचतात, त्यांना हाच शब्द आधी भेटतो, आणि जुन्या आवृत्तीत तो 'स्क्रॅगी'च्याच नोंदीत कोंबलेला होता. दोघांचं गोत्र एक असलं तरी 'स्क्रॅगली'त हाडं नाहीत. तो केसांना, दाढीला, झुडपांना लागतो. विरळ, कमीजास्त लांबीचं, कसंही वाढलेलं. दाढीसाठी 'विरळ, अस्ताव्यस्त' यावर सगळ्यांचं एकमत झालं आहे. झाडावर वाद आहे. 'खुरटं' घ्यावं असं एका सहकाऱ्याचं म्हणणं, पण खुरटं झाड उंचीने कमी असतं आणि 'स्क्रॅगली' झाड चांगलं उंचही असू शकतं. मी माळावरच्या बाभळीचं एक वाक्य सुचवलं आहे. ते रोपवाटिका चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवलंय. असल्या झाडाला त्याच्याकडचे माळी काय म्हणतात ते तो विचारून कळवणार आहे.